उडी तरंगते, कारण मुलगा हवेत फार वेळ राहतो

प्रश्न : ताई, मी ऐरोलीत राहतो, बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे आणि घरीच ब्लेंडर हे थ्रीडी अॅनिमेशनचं सॉफ्टवेअर शिकतोय. माझं पहिलं कॅरेक्टर अॅनिमेशन सोबत पाठवतोय. फुटपाथवर साचलेलं पावसाचं डबकं एक शाळकरी मुलगा उडी मारून ओलांडतो. आई म्हणाली, छान आहे. एक मित्र म्हणाला, मुलगा तरंगतोय. दुसरा म्हणाला, त्याला वजनच नाही. तिसऱ्याला हात कडक वाटले आणि चौथ्याने चेहऱ्यावर भाव वाढवायला सांगितले. कुणाचं ऐकू? आणि उपयोगी पडेल असं मत मिळवायचं तरी कसं?
– एक वाचक, ऐरोली

उत्तर : क्लिप एकेक फ्रेम पुढे सरकवत पाहिली. डबक्याकडे बघून मुलगा क्षणभर थांबतो, ते मला फार आवडलं. कुणी काहीही म्हणालं तरी ते थांबणं काढू नकोस.

तुझ्या दोन मित्रांनी एकच दुखणं दोन शब्दांत सांगितलंय. मुलगा तरंगतो म्हणूनच त्याचं वजन जाणवत नाही, आणि याचं कारण मोजता येतं. त्याचे पाय २१व्या फ्रेमला सुटतात आणि ५१व्या फ्रेमला टेकतात. सेकंदाला २४ फ्रेम धरल्या तर तो सव्वा सेकंद हवेत आहे. तेवढा वेळ हवेत राहायचं तर कंबर जवळजवळ १.९ मीटर वर जायला हवी. तुझ्या रिगच्या, म्हणजे मुलाच्या आतल्या हलत्या सांगाड्याच्या मापाने ती जेमतेम अर्धा मीटर वर जाते. अर्ध्या मीटरच्या उडीला वर जायला साधारण ८ फ्रेम लागतात आणि खाली यायला तेवढ्याच. म्हणजे ३० च्या जागी १५-१६ फ्रेम ठेव. वरच्या टोकाला एखाद-दोन फ्रेम मुद्दाम वाढवल्या तर शोभतात, पण आधी खरं टायमिंग हातात येऊ दे.

या १५-१६ फ्रेम समान अंतराने वाटायच्या नाहीत. उडीच्या टोकापासून खाली येताना प्रत्येक फ्रेमला कापलेलं अंतर १, ३, ५, ७ या प्रमाणात वाढत जातं. त्यामुळे हवेतला निम्मा वेळ उंचीच्या वरच्या पाव भागातच जातो. वर कंबरेच्या जागा दाटीने येतात, जमिनीजवळ विरळ होतात. पुढे सरकण्याचं मात्र उलट आहे. पाय सुटल्यावर पुढचा वेग बदलत नाही, म्हणून ग्राफ एडिटरमध्ये, जिथे हालचाल आलेखाच्या रेघांनी दिसते, तिथे पुढे सरकण्याची रेघ हवेतल्या भागात सरळ दिसली पाहिजे. तुझी रेघ मध्येच वाकलीय, त्यामुळे मुलगा डबक्यावर रेंगाळल्यासारखा वाटतो.

आता उतरणं, माझ्या मते क्लिपचा सगळ्यात कच्चा भाग. पाय टेकण्याची पोझ हीच तू कंबरेची सगळ्यात खालची पोझ ठेवली आहेस. ब्लेंडर अशा टोकाच्या की-फ्रेमपाशी, म्हणजे आपण स्वतः पोझ ठरवून दिलेल्या फ्रेमपाशी, हालचालीची रेघ (वक्र) आपणहून सपाट करतं. परिणामी जमीन लागण्याआधीच कंबर मंदावते आणि मुलगा लिफ्टसारखा अलगद खाली येतो. खरा मुलगा जमीन लागेपर्यंत वेग घेतच येतो. आधी चवडे टेकतात, मग टाचा, आणि त्यानंतरही कंबर ३-४ फ्रेम खाली जात राहते, गुडघे दुमडत. सगळ्यात खालची पोझ तिथे हवी. पुन्हा सरळ उभं राहायला १० ते १२ फ्रेम दे. वजन याच फ्रेम्समध्ये दिसतं.

हातांचं म्हणणंही बरोबर आहे, पण ते काम नंतरचं. कंबर नीट झाली की हात निम्मे आपोआप सुधारतात: दबताना मागे, सुटताना वर, उतरताना किंचित उशिरा खाली. चेहरा अगदी शेवटी.

संदर्भासाठी स्वतःच उडी मार आणि चित्रण कर. सोसायटीच्या आवारात फोन कंबरेच्या उंचीवर टेकव, बाजूने आणि जरा लांबून. स्लो मोशनमध्ये २४० फ्रेम मिळत असतील तर दर दहावं चित्र म्हणजे तुझी एक फ्रेम. पाय कुठल्या चित्रात सुटला, कुठल्या चित्रात टेकला, ते वहीत लिहून ठेव. पाय सुटायच्या आधी शरीर किती दबतं, तेही बघ. तुझा मुलगा जवळजवळ न दबताच उडतो.

राहिला मत मिळवण्याचा प्रश्न. तू पूर्ण सजवलेली क्लिप दाखवलीस. रंग, पाऊस, डबक्यातलं प्रतिबिंब, सगळं तयार. एवढी मेहनत दिसल्यावर ‘छान’ म्हणण्याखेरीज आई काय करणार? मी वागळे इस्टेटमधल्या ज्या स्टुडिओत काम करते, तिथे आधी नुसत्या पोझेस, करड्या बाहुलीवर, मध्ये काहीही न भरता दाखवतात. त्या पास झाल्याशिवाय वक्रांना कुणी हात लावत नाही. मला ही पद्धत मनापासून पटते, कारण त्या टप्प्यावर सगळं मोडून पुन्हा करायला माणूस बिचकत नाही.

दाखवताना आधी गोष्ट सांगू नकोस आणि ‘कसं वाटलं?’ विचारू नकोस. आईला विचार, हा पोरगा किती किलोचा वाटतो? उडण्याआधी कळलं का, की हा उडणार? कुठे उतरेल हे ओळखलंस? अॅनिमेशनचं अक्षरही न शिकलेला माणूस याची खरी उत्तरं देतो, कारण उड्या त्याने जन्मभर पाहिल्यात. ‘पाच किलो’ असं उत्तर आलं तर कंबरेकडे परत जा. शिकलेल्या मित्रांना मात्र नेमक्या फ्रेमचा आकडा विचार: कुठे खटकलं? आणि मतं एकमेकांविरुद्ध गेली तर आधी टायमिंगचं मत घे, मग पोझचं, मग बाकीची.

पुढच्या वेळी पाऊस नको, रंग नको. दबण्याची, सुटण्याची, टोकाची, टेकण्याची आणि सगळ्यात खालची, एवढ्या पाच पोझेस बाजूने दिसतील अशा पाठव, प्रत्येकीचा फ्रेम आकडा कोपऱ्यात लिहून. मी नक्की बघेन.