रेसच्या गाडीची बेरीज

‘यांचा हा छंद आहे की व्यसन, एवढेच मला सांगा,’ असे म्हणत एखादी पत्नी समोर बसते, तेव्हा त्या छंदावर आजवर एकूण किती पैसे गेले हे तिला बहुधा ठाऊक नसते. आणि पुष्कळदा ते पतीलाही ठाऊक नसते. हौशी ऑफ-रोड रेसिंगच्या, म्हणजे रस्ता सोडून चिखल-दगडांतून गाडी नेण्याच्या शर्यतींच्या निमित्ताने माझ्याकडे समुपदेशनासाठी आलेल्या नागपुरातील एका दांपत्याचा अनुभव त्यांच्या संमतीने येथे मांडत आहे. ओळख पटेल असे तपशील अर्थातच बदलले आहेत.

पती चाळिशीचे, बुटीबोरीच्या एका कारखान्यात देखभाल विभागात नोकरीला, पत्नी शिक्षिका, मुलगी दहावीत. चार वर्षांपूर्वी त्यांनी ३ लाखांना एक जुनी मारुती जिप्सी घेतली आणि नागपूरजवळच्या वाडी येथील एका गॅरेजमध्ये तिची बांधणी सुरू केली. या खेळात जिप्सीला मान आहे, कारण ती वजनाने हलकी असते, तिला स्वतंत्र चॅसी (खालचा सांगाडा), फोर-व्हील ड्राइव्ह आणि लो रेंज (चढात, चिखलात जादा जोर देणारे गिअर) असते आणि तिचे १.३ लिटरचे पेट्रोल इंजिन अनेक मिस्त्रींच्या हातचे असते. गाडीविषयी घरात कुरबूर होती, पण पत्नी माझ्याकडे आल्या त्या लॉकरमधील पाटल्या सोनेतारणात गेल्याचे कळल्यावर.

दुसऱ्या भेटीत मी पतीला कोरे कागद दिले आणि पत्नीसमोर सगळा खर्च लिहायला सांगितले. पहिले पान त्यांनी झरझर भरले: गाडी, रोल केज (गाडी उलटली तरी आतल्यांना वाचवणारा पोलादी सांगाडा), बकेट सीट, हार्नेस (शर्यतीचा सुरक्षा पट्टा), हेल्मेट, चिखलासाठीचे मड-टेरेन टायर, शॉक अ‍ॅब्जॉर्बर, डिफरेन्शियल लॉकर (एक चाक घसरले तरी दोन्ही चाके एकदम फिरवणारा भाग), विंच, स्नॉर्केल (पाण्यातून जाताना इंजिनला वरून हवा देणारी नळी). दुसऱ्या पानावर स्पर्धांचा खर्च आला, आणि तिथे हात मंदावला. प्रवेश शुल्क, स्पर्धेचा परवाना, गोव्यापर्यंत गाडी ट्रकवर चढवून नेण्याचे भाडे, मिस्त्रीची मजुरी आणि मुक्काम, जादा अ‍ॅक्सल, हब, बेअरिंग. तिसऱ्या पानावर गिअरबॉक्सची दुरुस्ती लिहिताना त्यांनी पेन खाली ठेवले. बेरीज ११ लाखांच्या पुढे गेली होती, आणि ती पाहून पत्नीइतकेच तेही हादरले होते.

त्यांनी मुद्दाम खोटे सांगितले होते असे मला वाटत नाही. गाडी बचतीतून, रोल केज दिवाळीच्या बोनसमधून, टायर क्रेडिट कार्डाच्या हप्त्यांवर आणि गिअरबॉक्स सोनेतारणातून, असे प्रत्येक वेळी पैसे वेगळ्या खिशातून गेल्यामुळे बेरीज करण्याची वेळच आली नव्हती. अर्थतज्ज्ञ रिचर्ड थेलर यांना २०१७ मध्ये नोबेल मिळाले. माणूस मनातल्या मनात पैशाची अशी वेगवेगळी खाती करतो, हा त्यांच्या अभ्यासाचा एक महत्त्वाचा भाग होता.

‘गाडी एकदा बांधून झाली की खर्च संपला,’ असे पतीने घरी सांगितले होते, आणि त्यांचा स्वतःचाही त्यावर विश्वास होता. खरा घोटाळा इथेच होतो. पावसाळ्यातल्या चिखलात गाडी उतरली की पाणी आणि माती बेअरिंगमध्ये, डिफरेन्शियलमध्ये शिरते, त्यामुळे स्पर्धेनंतर सील, ऑइल आणि कित्येकदा बेअरिंगही बदलावी लागतात. मूळ रचनेत मोठे फेरबदल केलेली गाडी रस्त्यावर चालवायला मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आडवे येते, म्हणून ट्रकचे भाडे टळत नाही. खासगी मोटारीच्या नेहमीच्या विमा पॉलिसीत आयोजित शर्यतीतील नुकसान वगळलेले असते. म्हणजे तिथे जे मोडेल ते पदरचे. स्पर्धेसाठी मान्यता असलेल्या हार्नेसलाही मुदत असते आणि ती संपली की तो नवा घ्यावा लागतो. बांधणीचा आकडा निदान डोळ्यांसमोर तरी असतो, पण संसार खचतो तो या फिरून फिरून येणाऱ्या खर्चाने.

आता छंद की व्यसन, या प्रश्नाकडे वळते. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या वर्गीकरणात जुगाराच्या विकाराची लक्षणे दिली आहेत: स्वतःवर ताबा न राहणे, बाकी सगळ्यापेक्षा त्यालाच महत्त्व येणे आणि नुकसान दिसत असूनही थांबता न येणे. हे निकष मोटारीच्या छंदासाठी नाहीत, तरी विचार करायला उपयोगी पडतात. या गृहस्थांची नोकरी नीट चालू होती, मुलीला शिकवणीला तेच सोडत होते, आणि वडील आजारी पडले त्या वर्षी त्यांनी भरलेले प्रवेश शुल्क सोडून स्पर्धा टाळली होती. हे व्यसन नव्हते, असे मी पत्नीला स्पष्ट सांगितले. लपवाछपवी मात्र झाली होती, पाटल्यांना न विचारता हात लावला होता, आणि त्याची गंभीर दखल घेणे भाग होते.

त्या भेटीतली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. कागदावरच्या विंचवर बोट ठेवून पत्नीने विचारले, ‘हे काय असतं?’ मग चिखलात रुतलेली गाडी झाडाला दोर बांधून कशी ओढून काढतात, झाडाची साल सोलू नये म्हणून आधी रुंद पट्टा का गुंडाळतात, हे ते कितीतरी वेळ सांगत राहिले. चार वर्षांत हे घरात बोललेच गेले नव्हते.

गाडी लगेच विकावी, असा पत्नीचा आग्रह होता. अशा गाडीवर घातलेले पैसे विक्रीत सहसा परत येत नाहीत, तेव्हा घाईने तोटा पदरात घेण्यापेक्षा विंच आणि डिफरेन्शियल लॉकर सुटे विकून सोनेतारण आधी फेडावे, असे ठरले. घरखर्च, मुलीचे शिक्षण आणि हप्ते भागल्यावर उरेल त्यातली एक ठरावीक रक्कम दर महिन्याला वेगळ्या बँक खात्यात जाते. ते खाते दोघांनाही दिसते आणि रिकामे असेल तर स्पर्धा नाही. सुरक्षेच्या साधनांत काटकसर करू नये, हे मात्र मी ठामपणे सांगितले: केज, हार्नेस आणि हेल्मेट यांचे पैसे पुरत नसतील तर त्या वर्षी गाडी उतरवायचीच नाही. सध्या ते मित्राच्या गाडीत नॅव्हिगेटर, म्हणजे चालकाला वाट सांगणारा सोबती म्हणून बसतात. साध्या गाडीने भाग घेता येणाऱ्या, ठरलेल्या वेळेत ठरलेले अंतर कापण्याच्या टीएसडी रॅलीही आहेत, आणि त्यातल्या एकीत यंदा पत्नी शेजारी बसणार आहेत.

तुमच्या घरी अशी परिस्थिती असेल तर ‘आजवर किती उडवलेत?’ असे विचारून सुरुवात करू नका. पुढच्या एका स्पर्धेचा जाण्यापासून दुरुस्तीपर्यंतचा खर्च दोघांनी मिळून कागदावर मांडा. समोरची व्यक्ती कागदाला हातच लावत नसेल, एक कर्ज फेडायला दुसरे काढत असेल, किंवा उसनवारी उघड झाल्यावरही ती थांबत नसेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटण्यास उशीर करू नका. मानसिक आरोग्यासाठीच्या शासनाच्या टेली-मानस या दूरध्वनी सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे आणि तिथे मराठीतही बोलता येते.