कारखाना बंद होऊन पंधरा वर्षं झाली, तरी माझ्या होणाऱ्या बाळाला त्याचा त्रास होईल का?

तुम्ही लिहिलंय की शिसं वितळवणाऱ्या भट्टीजवळ तुमचं सगळं बालपण गेलं. भट्टी बंद होऊन पंधरा वर्षं झाली. आता तुम्हाला मूल हवंय, आणि घरात ऐकावं लागतंय की ‘त्या वस्तीतल्या मुलींच्या रक्तातच दोष असतो’. यात तथ्य किती, हा तुमचा प्रश्न.

मी सार्वजनिक आरोग्याच्या सर्वेक्षणांत बरीच वर्षं काम केलं आहे आणि हेच वाक्य थोड्याफार फरकाने अनेक बायकांच्या तोंडून ऐकलं आहे. म्हणून आधी थेट सांगते: तुमच्या रक्तात दोष नाही. तुमच्या हाडांत शिसं असण्याची शक्यता मात्र आहे. घरच्यांना या दोन गोष्टी एकच वाटत असतील, पण दोष म्हटला की माणूस हात टेकतो आणि साठलेल्या शिशाचं मात्र बरंच काही करता येतं.

शरीर शिशाला कॅल्शियम समजून फसतं आणि हाडांत साठवून ठेवतं. मोठ्या माणसाच्या अंगातलं नव्वद टक्क्यांहून अधिक शिसं हाडांतच असतं. रक्तातलं शिसं साधारण महिनाभरात निम्म्यावर येतं, हाडांतलं निम्मं व्हायला १० ते ३० वर्षं लागतात. पुढे गरोदरपणात बाळाच्या हाडांसाठी कॅल्शियम लागतं. ते जेवणातून पुरलं नाही की आईच्या हाडांतून काढलं जातं, आणि त्याच्यासोबत जुनं शिसंही सुटून रक्तात येतं. वार (बाळाला आईशी जोडणारा अवयव, प्लॅसेंटा) ते अडवत नाही. म्हणजे तुम्ही पाच वर्षांच्या असताना अंगणातल्या धुळीतून पोटात गेलेलं शिसं आज बाळापर्यंत पोहोचू शकतं. ही देवाणघेवाण हाडांतून होते, जनुकांतून नाही.

प्रत्येक विषाची वाट वेगळी असते, आणि ‘पिढ्यानपिढ्या परिणाम’ असं एकाच शब्दात म्हटलं की नेमकं हेच नजरेआड होतं. कॅडमियम या धातूचं उदाहरण घ्या. जपानच्या तोयामा भागात जिंझू नदीच्या पाण्यावर भात पिकायचा, आणि वरच्या अंगाच्या कामिओका खाणीतून कॅडमियम त्या नदीत उतरत होतं. त्यातून ‘इताई-इताई’ नावाचा रोग झाला. नावाचा अर्थच ‘दुखतंय, दुखतंय’. मूत्रपिंडं निकामी व्हायची, हाडं इतकी ठिसूळ व्हायची की थोड्याशा हालचालीने मोडायची. रुग्ण बहुतेक पाळी गेलेल्या, अनेक बाळंतपणं झालेल्या बायका होत्या. पण कॅडमियमचा मोठा भाग वारेतच अडकून राहतो, बाळापर्यंत त्या मानाने थोडा जातो. तिथे झीज झाली ती मुख्यतः आईची.

मिथाइल पाऱ्याचं, म्हणजे पाऱ्याच्या एका विषारी रूपाचं, नेमकं उलट. जपानमधल्याच मिनामाता इथल्या रासायनिक कारखान्याने १९३२ ते १९६८ या काळात पारा असलेलं सांडपाणी समुद्रात सोडलं. मासे खाणारी माणसं १९५० च्या दशकात आजारी पडू लागली आणि १९५६ मध्ये रोगाची अधिकृत नोंद झाली. त्याच सुमारास तिथे जन्मलेली काही बाळं मान धरत नव्हती, नीट गिळू शकत नव्हती. डॉक्टर त्याला मेंदूचा पक्षाघात म्हणत राहिले, कारण ही मुलं मासे खात नव्हती आणि त्यांच्या आयांमध्ये लक्षणं सौम्य होती किंवा नव्हतीच. वार बाळाला विषापासून वाचवते, हा तेव्हाचा पक्का समज होता. प्रत्यक्षात मिथाइल पारा वारेतून सहज जातो, आणि नाळेच्या रक्तात तो आईच्या रक्तापेक्षाही जास्त भरतो. ही मुलं पाऱ्यानेच बाधित झाली, हे १९६२ मध्ये मान्य झालं. तिथल्या घरांत बाळाची वाळलेली नाळ जपून ठेवायची पद्धत होती. पुढे डॉ. मासाझुमी हारादा यांनी त्या नाळा मिळवून त्यांतला पारा मोजला, तेव्हा कोणत्या वर्षी जन्मलेल्या बाळांपर्यंत किती विष पोहोचलं ते दिसलं. आयांनी आठवण म्हणून जपलेली वस्तू पुरावा ठरली. मला हे आठवलं की अजूनही थोडा वेळ पुढचं काम सुचत नाही.

त्या आयांनाही शेजारपाजारच्यांनी बोल लावला, त्या घरांतल्या मुलामुलींची लग्नं अडली. हिरोशिमा आणि नागासाकीतून वाचलेल्यांच्या बाबतीतही हेच झालं. म्हणून तिथला एक निष्कर्ष तुमच्या घरच्यांना आवर्जून सांगा. बॉम्बनंतर गर्भात आलेल्या, वाचलेल्यांच्या ७५,००० हून अधिक मुलांचा अभ्यास झाला. त्यांच्यात आनुवंशिक दोषांचं प्रमाण वाढलेलं आढळलं नाही. बॉम्ब पडला तेव्हा जी मुलं आईच्या पोटात होती, त्यांच्यातल्या काहींची मात्र बौद्धिक वाढ खुंटली, डोकं लहान राहिलं. किरणोत्सर्ग आणि शिसं एक नव्हेत हे खरं, पण संकट पोटातल्या बाळाला थेट भिडणं आणि ‘रक्तात दोष उतरणं’ यांतला फरक इतक्या स्पष्टपणे फार कमी ठिकाणी मोजला गेला आहे.

जनुकांवरच्या रासायनिक खुणा पुढच्या पिढीत जातात, असंही तुम्ही वाचलंय. उंदरांवरचा २००५ चा एक प्रयोग गाजला. त्यात एका बुरशीनाशकाचे परिणाम चौथ्या पिढीपर्यंत दिसल्याचं म्हटलं होतं. पण डोस खूप मोठे होते, आणि काही प्रयोगशाळांना तो निकाल पुन्हा मिळाला नाही. माणसांत हे सिद्ध करणं फारच अवघड आहे. मुलीची सगळी बीजं ती आईच्या पोटात असतानाच तयार होतात. म्हणजे गरोदर बाईच्या अंगात विष गेलं की ती, तिचं बाळ आणि त्या बाळाची बीजं अशा तीन पिढ्या एकाच वेळी थेट बाधित होतात. खरा वारसा म्हणायचा तर तो पणतवंडांत दिसायला हवा. माणसांबाबत असा दावा कोणी ठामपणे करू लागलं तर मी सावध होते.

बापाकडची बाजू मात्र सगळे सोडून देतात. इटलीत सेवेसो इथे १९७६ मध्ये कारखान्यातून डायॉक्सिन नावाचं विषारी रसायन बाहेर पडलं. तेव्हा एकोणीस वर्षांखालच्या असलेल्या मुलग्यांना पुढे मुलगे कमी आणि मुली जास्त झाल्याचं आढळलं. तेव्हा घरात वस्तीवरून बोलायचंच असेल तर फक्त सुनेवर बोट का?

आता एक साधं कारण, जे मला प्रत्यक्ष कामात सगळ्यात जास्त वेळा दिसलं. आजार पिढ्यानपिढ्या चालतो, कारण विष जागचं हललेलंच नसतं. शिसं कुजत नाही, विरत नाही. भट्टी बंद झाली तरी माती तीच असते, पत्र्यावरची धूळ तीच असते, आणि रांगणारं बाळ तेच हात तोंडात घालतं. आमच्या एका सर्वेक्षणात बायकांना विचारायचा प्रश्न होता, ‘तुम्ही कारखान्यात काम केलं का?’ सगळ्यांनी नाही सांगितलं आणि आम्ही तशी नोंद केली. पुढे एका बाईंशी बोलता बोलता कळलं की त्या वीस वर्षं नवऱ्याचे भट्टीतले कपडे हाताने धूत होत्या, आधी झटकून मग भिजवत होत्या. आमच्या फॉर्ममध्ये त्याला रकानाच नव्हता. तेव्हापासून कपडे कोण धुतं, हा माझा पहिला प्रश्न असतो. तुमच्या घरी तेव्हा कोण भट्टीत कामाला जायचं आणि कपडे कुठे ठेवले जायचे, तेही आठवून डॉक्टरांना सांगा.

तुम्ही आत्ता काय करावं? दिवस राहण्याआधी शिरेतल्या रक्तातलं शिसं तपासून घ्या, आणि दिवस राहिल्यावर पुन्हा. एकदा आकडा चांगला आला म्हणून थांबू नका, कारण हाडांतलं शिसं गरोदरपणातच वर येतं. हिमोग्लोबिन आणि लोहही पाहून घ्या. लोह कमी असलं की आतडं शिसं जास्त शोषतं. कॅल्शियम गरोदरपणाच्या सुरुवातीपासून पुरेसं हवं. आईला ते बाहेरून मिळालं की हाडांवरचा ताण घटतो आणि रक्तातलं शिसं काही प्रमाणात कमी राहतं. शिसं बाहेर काढणारी औषधं किंवा ‘शरीरशुद्धी’ स्वतःच्या मनाने अजिबात घेऊ नका. ती औषधं फार वाढलेल्या आकड्यांसाठी असतात आणि गरोदरपणात जोखमीची ठरू शकतात. आकडा फारच मोठा नसेल तर अंगावर पाजणं थांबवायचं कारण नाही. भीतीपोटी दूध तोडलेल्या आया मी पाहिल्या आहेत, आणि त्यांचं तेवढं एक सुख उगीच गेलं.

माहेरी अजून त्याच घरात लहान मुलं असतील तर त्यांची तपासणी तुमच्याआधी व्हायला हवी. घर कोरडं झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसायला सांगा, चपला बाहेर ठेवायला सांगा.

निकाल मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये येईल. मुलांसाठी अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २०२१ पासून ३.५ हा इशाऱ्याचा आकडा धरला आहे, पण त्याखाली सगळं सुरक्षित असा त्याचा अर्थ नाही. शिशाची सुरक्षित अशी कुठलीच पातळी सापडलेली नाही. तुमचा आकडा आला की हवं तर इथेच खाली लिहा. डॉक्टरांना पुढे काय विचारायचं, ते आपण मिळून ठरवू.