वाचकांचे प्रश्न : जुन्या शिकारी रायफलीची ओळख, किंमत आणि निगा

प्रश्न : मी अमेरिकेत न्यूयॉर्क राज्याच्या उत्तर भागात राहतो. मी ग्रीन कार्डधारक असून पत्नी एच-१बी व्हिसावर आहे आणि घरात दोन लहान मुले आहेत. शेजारच्या वृद्ध गृहस्थांचे नुकतेच निधन झाले आणि त्यांच्या पत्नीला त्यांची जुनी शिकारी रायफल आम्हाला भेट द्यायची आहे. तिच्यावर रेमिंग्टन, इलियन आणि ब्राउनिंगचे पेटंट असा मजकूर असून ‘३५ रेम’ असेही कोरलेले आहे. नळी नेहमीपेक्षा जाड आहे. उजव्या बाजूला एक मोठी कळ आहे, दस्त्याची मान सरळ आहे, डाव्या बाजूला चार बारीक भोके आहेत आणि नळीजवळ ‘डब्ल्यू टी’ अशी दोन अक्षरे आहेत. ही नेमकी कोणती रायफल आहे, तिची किंमत किती असेल, तिला पॉलिश करून घ्यावे का आणि ती चालवता येईल का?

उत्तर : रायफल ओळखणे सोपे आहे, पण ती घरी आणण्याआधी कायद्याचा भाग वाचावा, म्हणून तो आधी लिहितो.

आपली रायफल सेमी-ऑटोमॅटिक, म्हणजे गोळी सुटल्यावर पुढचे काडतूस आपोआप भरणारी आहे. न्यूयॉर्क राज्यात 4 सप्टेंबर 2022 पासून अशी रायफल विकत घेण्यासाठी किंवा ताब्यात घेण्यासाठी परवाना लागतो. भेट म्हणून मिळाली तरी ताबा हा ताबाच असतो. शिवाय जवळच्या कुटुंबीयांबाहेरचे खासगी हस्तांतरण परवानाधारक विक्रेत्यामार्फत, पार्श्वभूमी तपासणी करूनच व्हावे लागते. रायफल जुनी आहे म्हणून ती यातून सुटत नाही. अमेरिकेच्या संघीय कायद्यात ‘अँटिक’ म्हणजे 1898 किंवा त्याआधी बनलेले शस्त्र. आपल्या शेजाऱ्यांची रायफल त्यानंतरची आहे. पन्नास वर्षांपेक्षा जुन्या शस्त्रांचा संग्राहकांसाठी वेगळा वर्ग आहे, परंतु त्याची सवलत ज्याच्याकडे संग्राहकाचा परवाना आहे त्यालाच मिळते.

आपल्या कुटुंबाच्या बाबतीत याहून महत्त्वाची गोष्ट व्हिसाची आहे. ग्रीन कार्डधारकाला शस्त्र बाळगण्यास संघीय कायद्याची आडकाठी नाही. मात्र एच-१बी, एच-४ किंवा एफ-१ यांसारख्या तात्पुरत्या व्हिसावरील व्यक्तीला शस्त्र अथवा काडतूस बाळगणे मुळात निषिद्ध आहे. एखाद्या राज्याचा वैध शिकार परवाना असणे यांसारखे काही मोजके अपवाद आहेत, पण तेवढ्यावर विसंबून राहू नये. तिजोरीची किल्ली पत्नीच्या हाती असेल, तर रायफल त्यांच्याही ताब्यात आहे असा अर्थ लावला जाऊ शकतो आणि त्याचा परिणाम पुढे त्यांच्या स्थलांतराच्या अर्जावर होऊ शकतो. तेव्हा किल्ली किंवा सांकेतिक अंक फक्त आपल्याकडेच असावेत, आणि रायफल घेण्याआधी स्थलांतर कायदा व शस्त्र कायदा या दोन्हींची माहिती असलेल्या वकिलाचा सल्ला घ्यावा. आपल्या अनेक मराठी कुटुंबांत पती-पत्नींचे व्हिसाचे दर्जे वेगवेगळे असतात आणि हा मुद्दा सहज दुर्लक्षिला जातो, म्हणून इतक्या आग्रहाने लिहितो आहे.

आता ओळख. आपण दिलेल्या खुणा रेमिंग्टन कंपनीच्या मॉडेल ८ या रायफलीशी जुळतात. जॉन ब्राउनिंग यांच्या रचनेवरून बनलेली ही रायफल 1906 मध्ये ‘ऑटोलोडिंग रायफल’ या नावाने बाजारात आली, 1911 मध्ये तिला मॉडेल ८ हे नाव मिळाले आणि 1936 पर्यंत ती बनत राहिली. त्यानंतर तिचीच सुधारित आवृत्ती मॉडेल ८१ ‘वुड्समास्टर’ या नावाने 1950 पर्यंत निघाली. मॉडेल ८१ ला पुढची लाकडी पकड रुंद आणि भरीव असते व दस्त्याला पिस्तुलासारखी वळणदार मूठ असते. मॉडेल ८ ची पुढची पकड सडपातळ असते आणि दस्त्याची मान बहुधा सरळ असते. त्यामुळे आपली रायफल ८ च ठरते. जिथे ती घडली ते इलियन गाव मोहॉक नदीच्या खोऱ्यात, कदाचित आपल्या घरापासून तासा-दोन तासांच्या अंतरावर आहे. तिथला हा जुना कारखाना मार्च 2024 मध्ये बंद झाला. ज्या खोऱ्यात ही रायफल बनली त्याच परिसरातल्या शिकाऱ्याने ती जन्मभर वापरली असेल, तर तो तिच्या इतिहासाचा भाग आहे. शेजारीणबाईंकडून पतीच्या शिकारीच्या आठवणी, जुने परवाने, छायाचित्रे आणि खरेदीची पावती मिळाल्यास ती रायफलीसोबत जपून ठेवावीत.

‘डब्ल्यू टी’ ही अक्षरे तारीख सांगतात. रेमिंग्टनने 1921 पासून नळीवर सांकेतिक अक्षरे उमटवण्यास सुरुवात केली. जानेवारी ते डिसेंबर या महिन्यांसाठी अनुक्रमे बी, एल, ए, सी, के, पी, ओ, डब्ल्यू, डी, ई, आर, एक्स अशी अक्षरे ठरलेली होती, आणि वर्षासाठी एम म्हणजे 1921, एन म्हणजे 1922 अशी काही अक्षरे गाळत पुढे जाणारी मालिका होती. त्यानुसार डब्ल्यू म्हणजे ऑगस्ट आणि टी म्हणजे 1926. मात्र ही तारीख नळीची असते. नळी नंतर बदलली गेली असल्यास रिसीव्हर (यंत्रणा सामावणारा धातूचा मुख्य भाग) जुना आणि नळी नवी असू शकते, म्हणून रिसीव्हरवरचा अनुक्रमांकही वेगळा टिपून ठेवावा.

नळी जाड दिसते याचे कारण या रायफलीच्या यंत्रणेत आहे. डोळ्यांना दिसते ते बाहेरचे आवरण असून खरी, बारीक नळी त्याच्या आत पुढे-मागे सरकते. गोळी सुटताच नळी आणि बोल्ट (नळी मागून बंद करणारा सरकता भाग) एकमेकांत अडकलेल्या स्थितीत पूर्ण मागे येतात. मग बोल्ट मागेच अडवला जातो आणि नळी आपल्या स्प्रिंगच्या जोरावर पुढे जाते. त्या वेळी रिकामी पुंगळी बाहेर फेकली जाते. शेवटी बोल्ट पुढे जाताना नवे काडतूस चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाशी असलेल्या त्याच्या जागेत बसवतो. धुराच्या दाबावर चालणाऱ्या नंतरच्या रायफलींपेक्षा ही पद्धत अगदी निराळी आहे, आणि तिच्या देखभालीचे सगळे नियम याच हालचालीतून निघतात.

सुरक्षिततेचा एक मुद्दा विशेष लक्षात ठेवावा. या रायफलीचे पाच काडतुसांचे मॅगझीन अंगातच पक्के बसवलेले असते, ते काढून बाजूला ठेवता येत नाही. उजवीकडची मोठी कळ वर केली की रायफल सुरक्षित होते, परंतु त्याच वेळी बोल्टची वाटही अडते. म्हणजे आत काडतुसे असतील तर ती काढताना सुरक्षा कळ खाली करावीच लागते. अशा वेळी नळीचे तोंड सुरक्षित दिशेला आणि बोट चापापासून पूर्ण दूर असणे एवढाच आधार उरतो. म्हणून शेजारीणबाईंच्या कपाटातून रायफल आपण उचलू नये. ती रिकामी आहे की नाही हे एखाद्या अनुभवी बंदूक-कारागिराने किंवा परवानाधारक विक्रेत्याने तिथेच तपासून द्यावे. तपासताना बोल्ट मागे अडकवून चेंबर आणि मॅगझीन या दोन्हींत डोळ्यांनी पाहावे आणि बोटानेही चाचपावे.

किमतीबद्दल. साधारण अवस्थेतली, साध्या श्रेणीची मॉडेल ८ आज काही शे डॉलरपासून हजाराच्या आसपास विकली जाते. पीअरलेस, एक्स्पर्ट, प्रीमियर अशा कोरीव श्रेणींचे मूल्य वेगळेच असते, पण त्या दुर्मीळ आहेत आणि कोरीवकामावरून लगेच ओळखू येतात. .25, .30, .32 आणि .35 रेमिंग्टन अशा चार काडतुसांसाठी ही रायफल बनत असे. त्यांपैकी .35 ला वापरणाऱ्यांची मागणी जास्त असते, कारण तिची काडतुसे आजही कारखान्यात बनतात, तर .25 कमी आढळत असल्याने संग्राहक तिच्या शोधात असतात. डाव्या बाजूची चार भोके दुर्बीण बसवण्यासाठी नंतर पाडलेली आहेत. त्यांनी वापरात काही अडचण येत नाही, मात्र संग्राहकाच्या दृष्टीने किंमत निश्चित उतरते. ती बुजवून घेण्याच्या फंदात पडू नये. मूल्य ठरवताना विक्रीसाठी मागितलेल्या किमती पाहू नयेत. लिलावात तीच श्रेणी, तेच काडतूस आणि तीच अवस्था असलेल्या रायफलींना प्रत्यक्षात काय मिळाले ते पाहावे.

पॉलिशबाबत माझे मत स्पष्ट आहे : करू नये. शंभर वर्षांत पातळ झालेला मूळ निळसर थर हा नव्या चकचकीत थरापेक्षा अधिक मोलाचा असतो. नवा थर देण्याआधी धातू घासला जातो, त्यात कोरलेली अक्षरे बुजतात आणि कडा गोल होतात, ते पुन्हा भरून येत नाही. दस्त्यालाही सँडपेपर लावू नये. अशा जुन्या वस्तूवर केलेल्या हौशी दुरुस्तीने झालेली हानी मी इतकी पाहिली आहे की, काही न करणे हीच पहिली निगा असे मला मनापासून वाटते. धातूवर कोरडा, तांबूस गंज असेल तर हलके तेल लावून काही वेळाने मऊ कापडाने पुसावे. सक्रिय गंज खोलवर गेला असेल तर ते काम जाणकाराकडे द्यावे.

चालवण्याआधी मात्र तपासणी अपरिहार्य आहे. कोरलेल्या ‘३५ रेम’ वर विसंबून चालत नाही, कारण आवरण, नळी किंवा चेंबर बदललेले असू शकते. कारागीर चेंबरचा साचा घेऊन काडतूस कोणते ते ठरवतो आणि बोल्ट व नळी यांच्यातले अंतर मापकाने तपासतो. .25, .30 आणि .32 यांच्या पुंगळ्या एकाच घराण्यातल्या असल्याने .30 चे काडतूस .32 च्या चेंबरमध्ये बसू शकते, आणि असा घोटाळा धोकादायक असतो. आपल्या रायफलीत आवरणातली मोठी स्प्रिंग किती थकली आहे, हाही कळीचा प्रश्न आहे. ती कमजोर झाली की नळी व बोल्ट जास्त जोराने मागे आदळतात, आतले भाग झिजतात आणि दस्ता रिसीव्हरच्या मागे तडकतो. त्या जागी बारीक भेग आहे का ते भिंगातून पाहावे. जुने घट्ट झालेले ग्रीस आवरणात साठले असेल तर नळी अडखळत सरकते. असे असल्यास आवरणात तेल ओतू नये. ते उघडणे हे ताणलेल्या स्प्रिंगचे आणि खास हत्याराचे काम आहे, ते घरी मुळीच करू नये.

घरी करण्याजोगी सफाई मर्यादित आहे. बोल्ट मागे अडकवून, पुढची पकड काढून आणि खालची कळ फिरवून नळीचा भाग रिसीव्हरपासून वेगळा होतो. ही सोय त्या काळच्या शिकाऱ्याला प्रवासासाठी होती. आज तिचा उपयोग असा की नळी चेंबरच्या बाजूने साफ करता येते आणि तोंडाकडचे आटे (नळीच्या आतल्या वळणदार खाचा) सळईने झिजत नाहीत. ही क्रिया पहिल्यांदा कारागिराकडून शिकून घ्यावी, आणि नळी वेगळी असताना बोल्ट सोडू नये. 1926 च्या रायफलीत सुरुवातीची काही वर्षे तरी नळीत गंज आणणारे क्षार मागे ठेवणाऱ्या टोप्यांची (काडतुसाची दारू पेटवणाऱ्या बुडाच्या भागाची) काडतुसे वापरली गेली असणार, म्हणून आट्यांत खड्डे आढळले तर आश्चर्य वाटू देऊ नये. थोडे खड्डे असूनही नळी चालते, फक्त ती अधिक काळजीने पुसावी लागते. कपाटात जुनी काडतुसे सापडली तर ती उडवू नयेत. मूळ खोक्यासह असतील तर संग्राहक त्यांनाच स्वतंत्र किंमत देतात.

रायफल चामड्याच्या किंवा फोमच्या पेटीत ठेवू नये, दोन्ही ओलावा धरून ठेवतात. कुलूपबंद पोलादी कपाट, आत दमटपणा पन्नास टक्क्यांच्या आसपास, आणि काडतुसे वेगळ्या कुलपात, अशी व्यवस्था करावी. घरात अठरा वर्षांखालील मुले असताना शस्त्र कुलपात ठेवणे न्यूयॉर्कमध्ये कायद्यानेही बंधनकारक आहे.

प्रश्न : आमच्या साताऱ्याकडील वाड्यात आजोबांची शिकारीची परदेशी रायफल आहे. परवाना आजोबांच्या नावावर होता. ती आपोआप काडतूस भरणारी आहे असे गावातील जाणकार म्हणतात. ती दुरुस्त करून ठेवावी का?

उत्तर : दुरुस्ती राहू द्या. रायफलीला हात न लावता प्रथम पोलीस ठाण्याशी संपर्क साधावा. परवानाधारकाच्या मृत्यूनंतर वारसाकडे राहिलेल्या शस्त्राचा ताबा कायदेशीर राहत नाही. शस्त्र अधिनियम, 1959 च्या कलम 21 नुसार ते विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे लागते. वारसाला परवाना मागता येतो, परंतु शस्त्र नियम, 2016 मध्ये सेमी-ऑटोमॅटिक रायफली सर्वसाधारण वर्गात येत नाहीत. त्यांचा विषय जिल्हाधिकाऱ्यांच्या पलीकडे, केंद्रीय गृह मंत्रालयाकडे जातो. त्यामुळे जमा करतानाच लेखी पोच घ्यावी आणि त्यावर मेक व अनुक्रमांक नोंदवून घ्यावा. आजोबांचा मूळ परवाना, जुन्या नूतनीकरणाच्या नोंदी आणि वारसा दाखला एकत्र ठेवून अर्ज करावा. 2019 च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला दोनच अग्निशस्त्रे बाळगता येतात, हेही विचारात घ्यावे. रायफलीचे छायाचित्र आपण पाठवलेले नाही, त्यामुळे ती खरोखर सेमी-ऑटोमॅटिक आहे की बोल्ट हाताने ओढण्याची, हे पोलिसांकडील किंवा विक्रेत्याकडील शस्त्र-जाणकारच ठरवतील, आणि पुढची सगळी प्रक्रिया त्या एका उत्तरावर अवलंबून आहे.