कदंबांची राजधानी झुआरीकाठी

प्रश्न : चांदोरसारखी आतली, सुरक्षित जागा सोडून गोव्याच्या कदंब राजघराण्याने राजधानी बंदरावर का नेली?

उत्तर : कारण महसूल बंदरावर जमा होत होता. चंद्रपूर, म्हणजे सासष्टीतले आजचे चांदोर, कुशावतीच्या काठी, समुद्रापासून बरेच आत. अकराव्या शतकाच्या मध्याला कदंब राजा पहिला जयकेशी याने आपले बस्तान झुआरी नदीच्या उत्तर तीरावर, गोपकपट्टणला हलवले. रुंद खाडी आणि हाकेच्या अंतरावर अरबी समुद्र असल्याने जहाजांवरचा कर राजाच्या डोळ्यांदेखत गोळा होऊ लागला. चंद्रपूर मात्र त्याने ओसाड टाकले नाही. पुढे चौदाव्या शतकात दिल्लीच्या फौजांनी बंदर लुटले, तेव्हा कदंब पुन्हा तिकडेच परतले.

प्रश्न : परदेशी व्यापाऱ्यांना तिथे खरोखर मान होता का?

उत्तर : होता, आणि तो ताम्रपटात कोरलेला आहे. जयकेशीचा पूर्वज गूहल्लदेव सोमनाथच्या यात्रेला निघाला असता वाटेत जहाजाची डोलकाठी मोडली. गोव्याच्या बंदरात मदुमद नावाच्या अरब व्यापाऱ्याने त्याला मदत केली. कदंब हे उपकार विसरले नाहीत. मदुमदाच्या नातवाला जयकेशीने थेट कारभारात घेतले. या नातवाने बांधलेल्या मशिदीच्या खर्चासाठी राजाने बंदरात येणाऱ्या जहाजांवर कर लावून दिला. हा कर कुठकुठल्या जहाजांवर होता, त्यांची यादीही पटात आहे. त्यात गुजरात, सौराष्ट्र, केरळ आणि सिंहलद्वीप (आजची श्रीलंका) ही नावे येतात. शिवभक्त राजाने मशिदीची सोय लावली, हे मला त्याच्या लढायांपेक्षा मोठे वाटते. जयकेशीची मुलगी मीनळदेवी गुजरातच्या कर्ण सोळंकीला दिली होती. सिद्धराज जयसिंह हा तिचा मुलगा.

प्रश्न : गोपकपट्टण म्हणजेच जुने गोवे ना?

उत्तर : नाही. जुने गोवे मांडवीवर, गोपकपट्टण झुआरीवर. झुआरीकाठचे बंदर गाळाने भरत गेले आणि व्यापार मांडवीकाठच्या एळा बंदराकडे वळला. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये जिंकले ते हेच एळा, म्हणजे जुने गोवे.

प्रश्न : आज गोपकपट्टणच्या जागी काय पाहता येईल?

उत्तर : पणजी-मडगाव रस्त्यावर गोवा वेल्हा लागते. तिथून आगशीपर्यंतच्या नदीकाठी जांभ्या दगडाच्या जुन्या भिंतीचे अवशेष आहेत. ते पाहायला ओहोटीची वेळ गाठा. भिंतीवर चढू नका आणि दगड हलवू नका. जवळच पिलारच्या टेकडीवर संग्रहालय आहे. हाताशी वेळ असेल तर चांदोरचा शीर तुटलेला नंदीही बघून या.