पळसाला ‘मोहोर’ येतो का?

बोरिवलीच्या एका ताईंचा प्रश्न आहे. चैत्रात शहापूरजवळ सासरच्या शेतावर गेल्या होत्या, तिथे बांधावरच्या पळसाचा फोटो काढून खाली ‘पळसाला मोहोर आलाय’ असं लिहिलं, तर सासूबाई म्हणाल्या असं कोणी म्हणत नाही. मग काय म्हणायचं, आणि मोहोर, बहर, फुलोरा, तुरा यांत फरक काय?

सासूबाईंचं बरोबर आहे. मोहोर म्हणजे बारीक बारीक फुलांचा दाट झुबका, ज्यात एकेक फूल वेगळं नजरेत भरत नाही. आंबा, काजू, कडुनिंब. काहीजण सांगतात की ज्याचं फळ खातो त्यालाच मोहोर म्हणायचं, पण मला ते पटत नाही, कारण पाडव्याला गूळ आणि डाळीबरोबर आपण कडुनिंबाचा मोहोरच घेतो ना, आणि निंबोळ्यांसाठी कोणी कडुनिंबाची वाट बघत नाही. पळसाचं फूल मोठं, केशरी, पोपटाच्या चोचीसारखं वाकडं (संस्कृतात तर त्याला किंशुकच म्हणतात, शुक म्हणजे पोपट), प्रत्येक फूल लांबूनही वेगळं कळतं. म्हणून नुसतं ‘पळस फुललाय’. सावर फुलली, पांगारा फुलला, तसंच. बहाव्याचे मात्र घोस, कारण ते खाली लोंबतात.

तुरा वर ताठ उभा असतो, उसाचा किंवा मक्याचा. आणि भात, ज्वारी? ती निसवतात, म्हणजे कणसं-लोंब्या बाहेर पडतात, आणि त्याआधी पोटरीत येतात, म्हणजे कणीस पानाच्या आवरणातच फुगतं. माडाला पोय येते. प्रत्येक पिकाला आपल्या लोकांनी वेगळा शब्द ठेवलाय आणि शहरात आल्यावर आपण सगळ्यांना ‘फुलं आली’ म्हणून मोकळे होतो, याचं मला खरंच वाईट वाटतं.

बहर हा फारसी ‘बहार’वरून आलेला, त्यात फुलाच्या आकारापेक्षा हंगामाचा भर महत्त्वाचा. डाळिंब-संत्र्याचे बागायतदार आंबे बहर, मृग बहर, हस्त बहर म्हणतात, म्हणजे पाणी तोडून झाडाला ताण द्यायचा आणि हव्या त्या हंगामात फुलं आणायची. त्यामुळे ‘बहावा बहरलाय’ बिनधास्त लिहा. फुलोरा कुठल्याही झाडाला चालतो, फक्त अनेक घरांत फुलोरा म्हटलं की देवीच्या डोक्यावर टांगलेल्या करंज्या आणि कडकण्याच डोळ्यांसमोर येतात.

आणि ताई, फोटोत फांद्यांवर ते गुलाबी-काळे पक्षी दिसतायत ना, त्या भोरड्या, त्यांनाच पळसमैना म्हणतात. पळसा-सावरीच्या फुलांतला मध प्यायला थव्याने येतात आणि उन्हाळा वाढला की मध्य आशियाकडे परततात. फोटोखाली ‘पळस फुललाय, पळसमैना आल्यात’ असं लिहून सासूबाईंना दाखवा.