भावाला माफ करायचं म्हणजे नक्की काय करायचं?

प्रश्न : वयाच्या ४२ व्या वर्षी मी प्रभू येशूवर विश्वास ठेवला, आता ३ वर्षं झाली. वडिलांच्या उपचारासाठी जमवलेले पैसे मोठ्या भावाने परस्पर वापरले, अजून साधं 'चुकलं' म्हणाला नाही. रोज प्रभूची प्रार्थना म्हणताना 'जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे, तशी तू आमची ऋणे आम्हांस सोड' इथे आले की जीभ अडते. आता त्याच्या मुलीच्या लग्नाचं आमंत्रण आलंय. माझा विश्वासच खोटा आहे का?

उत्तर : ताई, खोटा असता तर जीभ अडलीच नसती, पाठ केलेलं घडाघडा म्हणून मोकळ्या झाला असता.

बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाचा १८ वा अध्याय पुन्हा एकदा सावकाश वाचा. तिथे येशूने सांगितलेल्या गोष्टीत राजा ज्या दासाला दहा हजार 'तालांत' (तेव्हाची मोठी रक्कम) एवढं कर्ज सोडतो तोच बाहेर येऊन शंभर दिनारांसाठी सोबत्याचा गळा धरतो. आपण नेहमी ऐकतो की शंभर दिनार म्हणजे किरकोळ रक्कम, पण दिनार म्हणजे तेव्हाची एका दिवसाची मजुरी, म्हणजे शंभर दिवसांचा घाम झाला की हो! येशू तुमचं नुकसान किरकोळ म्हणतच नाही, फक्त दुसरा आकडा शेजारी ठेवतो. एक तालांत साधारण ६ हजार दिनारांचा, मग दहा हजार तालांत म्हणजे ६ कोटी दिवसांची मजुरी, कुणाच्या सात पिढ्यांनाही न फिटणारी. एवढं कर्ज देवाने आपल्याला सोडलंय, तिथून माफीची ताकद येते, मन मोठं करून येत नाही (मी कित्येक वर्षं तोच प्रयत्न करत होते आणि नुसती थकले).

म्हणून 'जाऊ दे, काही झालं नाही' असं म्हणू नका. कागद घ्या, काय गेलं ते लिहा, पैसे लिहा, वडिलांजवळ बसून घालवलेल्या त्या रात्री लिहा, आणि मग प्रभूसमोर म्हणा की याची वसुली मी सोडली. उद्या राग परत येईल, तेव्हा परत म्हणा. किती वेळा माफ करायचं म्हणून येशूने त्याच्या शिष्याला, पेत्राला, सांगितलेलं 'सातांच्या सत्तर वेळा' मला तरी एकाच जखमेसाठीसुद्धा लागलंय.

पण माफी म्हणजे लगेच भरवसा नव्हे. बायबलमधल्या योसेफाने, त्याला विकून टाकणाऱ्या भावांना मिठी मारली खरी, पण त्याआधी त्यांच्यातल्या शिमोनाला ठेवून घेतलं, धाकट्या बन्यामिनाच्या गोणीत चांदीचा प्याला लपवला, हे बदललेत का ते पाहिलं. तुम्हीही भावाच्या हातात परत पैसे द्यायला बांधील नाही, आणि कुणी मंडळीत (चर्चमध्ये) तसं सुचवलं तर स्पष्ट नाही म्हणा.

लग्नाला जावंसं वाटलं तर जा, पोरीने तुमचं काहीच वाईट केलेलं नाही. हिशोबाचा विषय मात्र मांडवात नको. तो नंतर एखाद्या दिवशी, दोघंच असताना काढा, मत्तयाच्या त्याच १८ व्या अध्यायात १५ व्या वचनात 'एकांतात जा' असंच सांगितलंय. तो काय बोलेल ते तुमच्या हातात नाही, पण त्या दिवशी त्याच्यासमोर बसताना तो कागद घरीच ठेवा.