लाल दिवा रेस दिल्यावरच विझतो

प्रश्न : वडिलांनी घेतलेला ३५ एचपीचा जुना ट्रॅक्टर अजून आमच्या संत्र्याच्या बागेत राबतो. चार महिन्यांपूर्वी नवी बॅटरी टाकली, तरी तोडणीच्या दिवसांत दुपारपर्यंत सेल्फ नुसता कटकट करतो आणि मजुरांना धक्का मारायला लावावा लागतो. रोटाव्हेटर चालवला त्या आठवड्यात मात्र काही तक्रार नव्हती. नंतर चार दिवस उभा होता तरी पहिल्या किल्लीला सुरू झाला. चार्जिंगचा लाल दिवा इंजिन सुरू झाल्यावरही जळत राहतो, रेस दिली की विझतो. दिवाळीत मीटरमधले बल्ब काढून एलईडी बसवले होते. मिस्त्री म्हणतो डायनामो गेला, नवा टाका. टाकू का?
– एक वाचक, काटोल तालुका, जि. नागपूर

उत्तर : भाऊ, पैसे खिशातच ठेवा. उत्तर तुमच्याच पत्रात आहे, शेवटून तिसऱ्या ओळीत.

आधी एक बघून घ्या. आपल्याकडे बॅटरी चार्ज करणाऱ्या दोन्ही यंत्रांना डायनामोच म्हणतात. लांबोडका, बंद अंगाचा आणि कटआउटची (बॅटरीचा करंट उलटा जाऊ न देणाऱ्या स्विचची) वेगळी डबी असलेला तो खरा डायनामो. बुटका, गोल, जाळीतून तांब्याची वाइंडिंग दिसते तो अल्टरनेटर. तुमचा अल्टरनेटर आहे असं धरून पुढचं सांगतो.

अल्टरनेटरच्या पोटातलं चुंबक कायमचं नसतं. किल्ली फिरवली की लाल दिव्यातून थोडा करंट आत जातो आणि त्याला जागं करतो. म्हणजे तो दिवा नुसता इशारा द्यायला नाही, चार्जिंगच्या वायरिंगचाच भाग आहे. जुन्या दोन-तीन वॅटच्या बल्बमधून दोनशे मिलिअँपिअरच्या आसपास करंट जातो. एलईडीतून जेमतेम थेंबभर. तेवढ्यानं दिवा लागतो, अल्टरनेटर उठत नाही. जोरात रेस दिली की लोखंडात उरलेल्या जराशा चुंबकत्वावर तो आपोआप उठतो.

आता तोडणीचा दिवस आठवा. सुरू केला, क्रेट भरायला दोन झाडं पुढे नेला, बंद केला. पुन्हा सुरू. दर वेळी सेल्फ शंभर-दोनशे अँपिअर ओढून घेतो आणि अल्टरनेटर झोपलेलाच. रोटाव्हेटरला दिवसभर रेस, म्हणून तेव्हा बॅटरी भरली. चार दिवस उभा राहूनही सुरू झाला, म्हणजे रात्रीची गळतीही नाही.

लाल दिव्यातला एलईडी काढून १२ व्होल्टचा, दोन-तीन वॅटचा साधा काचेचा बल्ब लावा. होल्डर गंजला असेल तर पॉलिश पेपरनं घासा. मग मल्टिमीटर थेट बॅटरीच्या टर्मिनलवर धरा. रात्रभर उभ्या ट्रॅक्टरची भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. इंजिन सुरू करून मध्यम रेसवर १३.८ ते १४.४ यायला हवेत. १२.३ वरच अडकून खाली सरकत असेल तर चार्जिंग नाही. १५ च्या जवळ गेलं तर रेग्युलेटर (व्होल्टेज काबूत ठेवणारा भाग) बघा, नाहीतर आपल्या मे महिन्यात बॅटरीचं पाणी भराभर आटेल. बेल्ट आणि बॅटरीपासून ट्रॅक्टरच्या लोखंडाला जाणारी अर्थिंगची पट्टीही बघून घ्या. बागेत फवारणीचं औषध उडून पट्टीखाली पांढरा क्षार धरतो, वरून दिसत नाही.

एक मात्र करू नका. इंजिन सुरू ठेवून बॅटरीची तार काढून "चार्जिंग बघणं". डायनामोच्या काळात खपून जायचं. उमेदवारीत मी हाच शहाणपणा केला आणि एका गिऱ्हाइकाच्या अल्टरनेटरचे डायोड उडवले. उस्तादानं दोन महिने पगारातून कापून घेतले.

बल्ब बदलल्यावर किल्ली चालू करूनही दिवा लागलाच नाही किंवा मंद लागला, तर किल्ली चालू, इंजिन बंद ठेवून अल्टरनेटरवरची डी प्लसची (D+, लाल दिव्याकडून येणारी) बारीक तार काढा आणि इंजिनच्या उघड्या लोखंडाला लावा. दिवा पूर्ण उजेडानं लागला तर तारा ठीक आहेत, बहुधा कार्बन (आतल्या फिरत्या भागाला करंट पोचवणारे ब्रश) झिजलेत. तेवढे कार्बन बदलून घ्या, अख्खा अल्टरनेटर नको.